पीएमपी परीक्षेची तयारी: अर्जापासून परीक्षेच्या दिवसापर्यंत

वर्षानुवर्षं प्रकल्प यशस्वीपणे पार पाडलेली माणसं पीएमपीची (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या प्रमाणपत्राची) पहिली सराव-परीक्षा देतात आणि गुण बघून हबकतात. त्यांचं काम कच्चं नसतं. प्रश्न वाचला की त्यांच्या डोळ्यांसमोर आपलं ऑफिस येतं, आपला बॉस येतो, आणि तिथे जे चाललं असतं तेच उत्तर ती निवडतात. परीक्षेला मात्र हे प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआयच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या) चौकटीत विचार करणारा मॅनेजर त्या क्षणी काय करेल, हे हवं असतं. पीएमआय ही संस्था 1969 सालची आणि पीएमपी हे प्रमाणपत्र 1984 पासूनचं. इतक्या वर्षांत परीक्षेचा भर पाठांतराकडून निर्णयाकडे सरकत गेला आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की या तयारीत वाचनापेक्षा चुकलेल्या उत्तरांच्या अभ्यासाला जास्त वेळ द्यायला हवा. तो कसा द्यायचा ते पुढे सविस्तर येईलच, पण सुरुवात अर्जाच्याही आधीपासून करू.

आधी परीक्षेचा आराखडा वाचा

पीएमआयच्या संकेतस्थळावर परीक्षेचा आराखडा मोफत मिळतो. पुस्तक विकत घेण्याआधी, क्लास लावण्याआधी तो उतरवून घ्या. जानेवारी 2021 पासूनच्या आराखड्यात तीन विभाग आहेत: माणसं 42 टक्के, प्रक्रिया 50 टक्के आणि व्यवसायाचा परिसर 8 टक्के. जवळपास निम्मे प्रश्न पारंपरिक, आधी आखून मग राबवायच्या पद्धतीवर येतात आणि उरलेले अॅजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत, बदल सामावून घेत जायच्या) किंवा हायब्रिड (दोन्हींच्या मिश्र) पद्धतीवर. 2026 साठी जाहीर झालेल्या नव्या आराखड्यात व्यवसायाच्या परिसराचा वाटा बराच वाढवला आहे. तुमच्या परीक्षेच्या तारखेला कोणता आराखडा लागू आहे हे बघूनच साहित्य निवडा. जुन्या आराखड्यावरचा क्लास स्वस्तात मिळाला तरी त्यात नव्या भागाची पोकळी राहते.

आराखडा नुसता वाचून बाजूला ठेवू नका. 2021 च्या आराखड्यात 35 कामं दिली आहेत: संघर्ष हाताळणं, संघातली सगळी माणसं सक्षम करणं, बदलांचं व्यवस्थापन, वगैरे. प्रत्येकासमोर आपल्या प्रकल्पातला एक खराखुरा प्रसंग दोन ओळींत लिहा. जिथे प्रसंग आठवत नाही, तो तुमचा कच्चा भाग. हीच वही अर्ज भरताना पुन्हा कामाला येते.

पात्रता आणि अर्ज

2021 च्या आराखड्यासोबतच्या नियमांनुसार, चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांतला किमान 36 महिन्यांचा प्रकल्प-नेतृत्वाचा अनुभव लागतो. पदवी नसेल, माध्यमिक शिक्षण किंवा पदविका असेल, तर 60 महिने. एकाच महिन्यात दोन प्रकल्प चालवले असले तरी तो महिना एकदाच धरला जातो. यात बऱ्याच जणांचं गणित चुकतं, म्हणून कागदावर महिन्यांचा पट्टा काढून मोजा.

याशिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं 35 तासांचं औपचारिक शिक्षण लागतं. ज्यांच्याकडे पीएमआयचंच सीएपीएम हे सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्र चालू स्थितीत आहे, त्यांना ही अट लागू नाही. रेकॉर्ड केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम चालतो, पण शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र असलं पाहिजे. स्वतः पुस्तकं वाचणं किंवा सुटे व्हिडिओ बघणं यात धरलं जात नाही.

अर्जात प्रत्येक प्रकल्पाचं वर्णन लिहावं लागतं आणि इथे घाई नडते. प्रकल्पाचं उद्दिष्ट, तुमची भूमिका, तुम्ही स्वतः केलेली प्रमुख कामं, हाती आलेला परिणाम, या क्रमाने लिहा. «मी संघाचा सदस्य होतो आणि चाचणीचं काम केलं» असं लिहिलं तर नेतृत्व दिसत नाही. तेच काम असं मांडता येतं: «चाचणीच्या टप्प्याची व्याप्ती ठरवली, सहा जणांच्या संघाचं वेळापत्रक आखलं, जोखमींची नोंद ठेवून आठवड्याला स्पॉन्सरला अहवाल दिला, आणि ग्राहकाची स्वीकृती घेऊन टप्पा बंद केला.» (स्पॉन्सर म्हणजे प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणारा वरिष्ठ.) अर्थात हे सगळं तुम्ही प्रत्यक्ष केलेलं असेल तरच. केलेलं काम पीएमआयच्या शब्दांत सांगणं योग्य आहे, न केलेलं काम लिहिणं हा आचारसंहितेचा भंग आहे.

काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात. निवड कुणाचीही होऊ शकते, त्यात संशयाचा भाग असतोच असं नाही. मग 90 दिवसांत पदवीची प्रत, 35 तासांचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रकल्पाच्या अनुभवाला त्या वेळच्या वरिष्ठाचा दुजोरा द्यावा लागतो. नोकरी सोडल्यावर जुन्या मॅनेजरशी संबंध तुटलेले असतात, म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वीच त्यांना फोन करा, तुम्ही काय लिहिलं आहे ते दाखवा आणि होकार घ्या.

अर्ज मंजूर झाल्यापासून एक वर्षाची मुदत सुरू होते आणि त्यात तीनदा परीक्षा देता येते. म्हणून मी नेहमी सांगतो की 35 तासांचा अभ्यासक्रम संपवा, अभ्यास थोडा पुढे न्या, मग अर्ज करा. मंजुरी मिळाली की सहा ते आठ आठवड्यांनंतरची तारीख लगेच घेऊन टाका. तारीख नसलेला अभ्यास लांबत जातो.

साहित्य कमी ठेवा

नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास मिळत असतील तर दहा ते बारा आठवडे पुरतात. एवढ्या वेळात पाच पुस्तकं आणि चार प्रश्नसंच होत नाहीत. पीएमबॉक ही पीएमआयची मुख्य मार्गदर्शिका संदर्भाला, अॅजाइलवरची पीएमआयची छोटी मार्गदर्शिका, स्क्रम गाइड (स्क्रम या अॅजाइल पद्धतीची नियमपुस्तिका) आणि एक चांगला प्रश्नसंच इतकं बस्स. प्रश्नसंचात पीएमआयचा स्वतःचा स्टडी हॉल मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण प्रश्नांची भाषा खऱ्या परीक्षेसारखी असते. त्यातले सर्वांत अवघड श्रेणीचे काही प्रश्न मात्र फारच संदिग्ध आहेत. ते चुकले म्हणून खचू नका.

पीएमबॉकच्या 2017 सालच्या सहाव्या आवृत्तीत 49 प्रक्रिया आहेत. 2021 च्या सातव्या आवृत्तीने तो साचा सोडून 12 तत्त्वं आणि कामगिरीची 8 क्षेत्रं मांडली. तेव्हा 49 प्रक्रियांची आदानं आणि प्रदानं (प्रत्येकीत काय वापरायचं आणि त्यातून काय निघतं) घोकण्यात आता अर्थ उरलेला नाही, पण कामाचा क्रम समजायला सहावी आवृत्ती आजही उपयोगी पडते. वाचताना प्रत्येक दस्तऐवजाला चार प्रश्न विचारा: हा कोण तयार करतो, कधी करतो, याला मंजुरी कोण देतं, आणि अडचण आल्यावर मी हा उघडून काय बघणार?

या चार प्रश्नांमुळे जोड्यांमधला गोंधळ मिटतो. रिस्क रजिस्टरमध्ये अजून न घडलेल्या गोष्टी असतात, इश्यू लॉगमध्ये घडून गेलेल्या. प्रोजेक्ट चार्टर स्पॉन्सर मंजूर करतो आणि त्यातून मॅनेजरला अधिकार मिळतो. प्रकल्प योजना मॅनेजर संघाला बरोबर घेऊन बनवतो आणि तिच्यात काम कसं चालेल ते असतं. कम्युनिकेशन प्लॅन सांगतो की कुणाला कोणती माहिती केव्हा जाईल. स्टेकहोल्डरचा, म्हणजे प्रकल्पाशी हितसंबंध असलेल्याचा, विरोध कमी करून त्याला सहभागी कसं करायचं, ते स्टेकहोल्डर एंगेजमेंट प्लॅनमध्ये बघायचं. एखादा विभागप्रमुख प्रकल्पाला विरोध करतोय असा प्रश्न आला, तर या शेवटच्या दोघांतला फरक माहीत नसणारा हमखास चुकतो. अॅजाइलमध्ये डेफिनिशन ऑफ डन (काम पूर्ण झालं म्हणायची अट) सगळ्या कामांना सारखी लागू असते, स्वीकृतीचे निकष मात्र प्रत्येक यूजर स्टोरीचे (वापरणाऱ्याच्या एकेका गरजेचे) वेगळे. अशा जोड्यांची यादी स्वतः बनवत जा.

अॅजाइलचा भाग

पारंपरिक प्रकल्पांतून आलेल्यांना हा भाग जड जातो, कारण त्यांना निर्णय स्वतःच्या हातात ठेवायची सवय असते. स्क्रम गाइडची 2020 ची आवृत्ती जेमतेम तेरा पानांची आहे. ती दोनदा नीट वाचा. स्प्रिंट (कामाची ठरावीक मुदतीची फेरी) एक महिन्याचा किंवा त्याहून कमी, डेली स्क्रम (संघाची रोजची बैठक) 15 मिनिटांचा, हे आकडे सहज लक्षात राहतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणता निर्णय कुणाचा. बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, प्राधान्यक्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो. काम किती मोठं आहे आणि कसं करायचं ते संघ ठरवतो. स्क्रम मास्टर अडथळे दूर करायला मदत करतो, पण संघाला स्वतः सोडवता येईल असा प्रश्न तो त्यांच्या हातून काढून घेत नाही. स्प्रिंट चालू असताना स्टेकहोल्डरने नवी मागणी आणली तर ती प्रॉडक्ट ओनरकडे जाते.

उलट, जे कायम अॅजाइल संघांतच वावरलेत त्यांना चेंज कंट्रोल बोर्ड (बदलांवर निर्णय देणारी समिती), बेसलाइन (मंजूर झालेली मूळ योजना), खरेदीचे करार हे सगळं जाचक वाटतं आणि ते त्याचा अभ्यास टाळतात. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात ते ओळखा आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

प्रश्न सोडवण्याची पद्धत

प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा. «सर्वांत आधी काय करावं», «यापुढे काय करावं», «हे टाळण्यासाठी काय करायला हवं होतं» हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच प्रसंगावर तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. मग प्रसंग वाचताना तीन गोष्टी हेरा: पद्धत कोणती, प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे, आणि मॅनेजरने आतापर्यंत काय केलेलं आहे.

एक प्रसंग घ्या. ग्राहकाच्या प्रतिनिधीने जाता जाता तुमच्या डेव्हलपरला एक छोटा अहवाल वाढवायला सांगितला. प्रकल्प पारंपरिक पद्धतीचा, व्याप्ती मंजूर झालेली. डेव्हलपरने काम सुरू केलं आहे आणि तुम्हाला आत्ता कळलं. पर्याय असे: काम लहान आहे म्हणून चालू द्यावं, ग्राहकाला थेट नकार द्यावा, बदलाचा परिणाम तपासून चेंज रिक्वेस्टची प्रक्रिया सुरू करावी, किंवा स्पॉन्सरकडे तक्रार करावी. ऑफिसात पहिला पर्याय रोज निवडला जातो. पीएमआयला तिसरा हवा. बदल किती छोटा आहे हे परिणाम तपासल्याशिवाय कळतच नाही, आणि मंजूर व्याप्तीबाहेरचं काम रीतसर मंजुरीविना होऊ नये. नकार देणं मॅनेजरचं काम नाही, कारण बदल करावा की नाही हे ठरवण्याची यंत्रणा वेगळी आहे. पण याच प्रश्नात «मॅनेजरने परिणामाचं विश्लेषण पूर्ण केलं आहे» असं एक वाक्य घातलं, तर उत्तर बदलतं. आता चेंज रिक्वेस्ट बोर्डापुढे न्यायची. «आधी विश्लेषण करा» हा नियम पाठ करून बसलेला माणूस इथे पुन्हा विश्लेषणच निवडतो आणि गुण घालवतो.

दुसरा प्रसंग. अॅजाइल संघातले दोन ज्येष्ठ सदस्य डिझाइनवरून भांडतायत आणि डेली स्क्रम रोज लांबतोय. तुम्ही निर्णय देऊन टाकावा का? त्यांच्या विभागप्रमुखांना सांगावं का? एकाला बदलावं का? या तिन्हींत संघाचा प्रश्न संघाबाहेर जातो. दोघांना डेली स्क्रमनंतर समोरासमोर बसवून चर्चा घडवून आणावी आणि त्यांनीच तोडगा काढावा, हे उत्तर. माणसांच्या विभागातल्या बहुतेक प्रश्नांचा कल असाच असतो: आधी थेट बोलणं, खासगीत बोलणं, कारण समजून घेणं.

तिसरा प्रसंग जोखमीचा. पुरवठादाराचा माल तीन आठवडे उशिरा येणार आहे. इथे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: ही शक्यता रिस्क रजिस्टरमध्ये नोंदवलेली होती का? असेल तर आधीच ठरवलेला प्रतिसाद अमलात आणायचा. नसेल तर इश्यू म्हणून नोंद, परिणामाचा अंदाज, मग पर्यायी मार्ग. आणि पुरवठादार फक्त «कदाचित उशीर होईल» म्हणाला असेल, तर ती अजून जोखीम आहे, म्हणून रजिस्टरमध्ये नोंदवून तिचं विश्लेषण करायचं. एकेका शब्दाने उत्तर फिरतं.

स्पॉन्सरकडे किंवा वरिष्ठांकडे जाण्याचा पर्याय मोहात पाडतो. तो तेव्हाच बरोबर असतो जेव्हा विषय तुमच्या अधिकाराबाहेरचा असतो: चार्टरमध्ये बदल, जादा निधी, प्रकल्प पुढे चालवायचा की थांबवायचा हा निर्णय. एरवी तो पर्याय म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं.

चुकांची वही

सगळ्या तयारीत मी या वहीला सर्वांत वर ठेवतो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला चार ओळी: प्रसंग काय होता, मी काय निवडलं, ते निवडताना मनात कोणता विचार होता, आणि प्रश्नातल्या कोणत्या शब्दांमुळे माझा पर्याय बाद होत होता. तिसरी ओळ लिहायचा कंटाळा येतो, पण खरी माहिती तिथेच मिळते. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही या वहीत घाला.

साठ-सत्तर नोंदी झाल्या की चुकांचे प्रकार दिसू लागतात. संकल्पनाच माहीत नव्हती, तर वाचन कमी पडलंय. शब्द नजरेतून सुटला, तर वाचण्याचा वेग कमी करा. शेवटी दोनच पर्याय उरले आणि चुकीचा उचलला, तर त्या दोघांतला फरक एका वाक्यात लिहा. आणि «आमच्याकडे असंच करतात» हा विचार वारंवार दिसला, तर तीच तुमची खरी अडचण आहे. अशा प्रसंगांची वेगळी यादी करा आणि परीक्षेच्या आठवड्यात तेवढीच पुन्हा वाचा. दिवसाला शंभर प्रश्न उडवण्यापेक्षा पंचवीस प्रश्न या पद्धतीने पचवलेले जास्त उपयोगी पडतात.

गणित

आकडेमोड थोडीच येते, त्यामुळे सूत्रांची धास्ती नको. एक उदाहरण पक्कं करा. प्रकल्पाचं एकूण बजेट 100. आजपर्यंत 50 चं काम व्हायचं होतं, 40 चं झालं, खर्च 50 झाला. सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) म्हणजे झालेलं काम भागिले खर्च, 0.8. एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) म्हणजे झालेलं काम भागिले ठरलेलं काम, तेही 0.8. एकच्या खाली म्हणजे खर्च जास्त आणि काम मागे. असंच चालू राहिलं तर शेवटी लागणारा खर्च 100 भागिले 0.8, म्हणजे 125. परीक्षेत बहुधा आकडा काढण्यापेक्षा त्याचा अर्थ लावायला सांगतात. याशिवाय क्रिटिकल पाथ (प्रकल्पाचा कालावधी ठरवणारी कामांची सर्वांत लांब साखळी), तीन अंदाजांचं (आशावादी, निराशावादी आणि सर्वांत संभाव्य) सूत्र, आणि संवादाच्या वाटांचं सूत्र: माणसं गुणिले एक कमी माणसं, भागिले दोन. पाच जणांत 10 वाटा, दहा जणांत 45.

पूर्ण लांबीच्या सराव-परीक्षा

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत किमान दोन-तीन परीक्षा पूर्ण लांबीच्या द्या, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, मध्ये फोन न बघता. 2021 च्या आराखड्यात 180 प्रश्न आणि 230 मिनिटं आहेत, म्हणजे प्रश्नाला साधारण 76 सेकंद. 60 आणि 120 प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची विश्रांती मिळते, ती या वेळात मोजली जात नाही. विश्रांतीला गेलात की आधीच्या भागातल्या प्रश्नांकडे परत येता येत नाही, म्हणून खुणा केलेले प्रश्न त्याआधी संपवा. पहिल्या विश्रांतीला घड्याळात दीडशेच्या आसपास मिनिटं शिल्लक हवीत, दुसरीला पंचाहत्तरच्या. तुमच्या आराखड्यात वेळ वेगळी असेल तर हाच हिशेब त्यावरून करा. विश्रांती वगळू नका. शेवटच्या साठ प्रश्नांत डोकं थकलं की साधे शब्दही निसटतात.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. 2021 च्या आराखड्यात 5 प्रश्न फक्त चाचपणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही. फारच विचित्र प्रश्न समोर आला तर एक पर्याय निवडून पुढे सरका.

उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हे पीएमआय जाहीर करत नाही. माझा मापदंड असा: आधी कधीही न पाहिलेल्या प्रश्नांवर लागोपाठ दोन पूर्ण परीक्षांत पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास पोचलात तर तारीख पुढे ढकलू नका. तेच प्रश्न पुन्हा सोडवून मिळालेले नव्वद टक्के यात धरू नका.

परीक्षेचा दिवस

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर देता येते किंवा घरून ऑनलाइन. घरी निर्विघ्न खोली आणि भरवशाचं इंटरनेट असेल तरच ऑनलाइन घ्या. टेबल रिकामं लागतं, खोली कॅमेऱ्यावर दाखवावी लागते, कुणी आत आलं तर परीक्षा थांबू शकते, आणि प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर तीही आधीच मोडा. ऑनलाइन परीक्षेत कच्च्या कामाला कागद मिळत नाही, पडद्यावरचाच फळा वापरावा लागतो, म्हणून सरावातही कागद टाळा. मला केंद्रच जास्त सोयीचं वाटतं. काहीही निवडलंत तरी अर्जातलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी तंतोतंत जुळतं का ते काही आठवडे आधी तपासा. मधल्या नावाचा घोळ त्या दिवशी दारात निस्तरता येत नाही.

आदल्या दिवशी नवीन प्रश्न सोडवू नका. चुकांच्या वहीतली ती छोटी यादी वाचा आणि वेळेवर झोपा.

निकाल आल्यावर

निकालासोबत प्रत्येक विभागातली कामगिरी चार श्रेणींत कळते, लक्ष्याच्या वर पासून सुधारणा आवश्यक पर्यंत. अपयश आलं तर ताबडतोब पुढची तारीख घेऊ नका. सर्वांत खालची श्रेणी आलेला विभाग आराखड्यात उघडा, त्यातल्या प्रत्येक कामासमोर चुकांच्या वहीतल्या नोंदी लावा, आणि पहिल्या फेरीत वापरला नव्हता असा प्रश्नसंच घ्या.

उत्तीर्ण झालात तर प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ते पुढे चालू ठेवायला त्या काळात 60 पीडीयू (व्यावसायिक विकासाची, तासांवर मोजली जाणारी एककं) लागतात. त्यातले किमान 35 शिक्षणातून यावे लागतात, प्रत्यक्ष काम केल्याबद्दल जास्तीत जास्त 8 मिळतात. पीएमआयच्या सभासदांना बरीच वेबिनार मोफत असतात. महिन्याला दोन तास या हिशेबाने पहिल्या महिन्यापासून नोंदवत गेलात तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस धावपळ होत नाही.